रिप्ले गावाचा दास्यविमोचक इतिहास : साधने आणि स्मृती

जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची अर्पणपत्रिका संयुक्त संस्थानांतील, म्हणजे अमेरिकेतील, सदाचारी लोकांना उद्देशून आहे, हे आपल्या सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक असते. कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याविषयीचा आदर, आणि आपल्या देशबांधवांनी त्यापासून धडा घ्यावा ही आशा, असा तिचा आशय आहे. तथापि हे सदाचारी लोक नेमके कोण होते, ते कोठे राहत, त्यांनी केले ते काय आणि केलेल्याची नोंद कोणी ठेवली, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पुण्याहून पाहता अमेरिका हे एक अखंड राष्ट्र दिसत असले पाहिजे. प्रत्यक्षात दास्यविमोचनाचे जोखमीचे काम थोड्या गावांतील थोड्या माणसांनी केले. आणि त्या गावांतीलही पुष्कळ लोक एकतर उदासीन होते किंवा उघड विरोधक होते.

ओहायो राज्याच्या ब्राउन परगण्यातील रिप्ले हे अशा गावांपैकी एक होय. त्याच्या इतिहासाची साधने कशी जतन झाली, कोणती झाली नाहीत आणि त्यामुळे त्या इतिहासाला कोणता आकार आला, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. गाव लहान आहे. त्याची वस्ती आज दोन हजारांच्या आतच भरेल. परंतु ते जेथे वसले आहे ती जागा महत्त्वाची आहे. सिनसिनाटीच्या वरच्या अंगास, सुमारे पन्नास मैलांवर, ओहायो नदीच्या उत्तर काठी ते आहे. नदीपलीकडे केंटकी राज्य. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने नदीच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी होती. दक्षिणेस ती १८६५ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती अमलात येईपर्यंत, कायदेशीर राहिली. मधले अंतर सुमारे हजार फूट पाण्याचे. धरणे बांधली जाण्यापूर्वी नदी आजच्याहून अरुंद आणि उथळ होती, व कडक हिवाळ्यात तिच्यावर बर्फही धरत असे. गुलाम आणि स्वतंत्र माणूस यांच्यातील सीमा एका काठावरून दुसऱ्या काठावर डोळ्यांनी दिसावी, अशी ती जागा होती.

व्हर्जिनियातून आलेल्या कर्नल जेम्स पोग यांनी १८१२ मध्ये हे गाव वसविले. पुढे दहा वर्षांनी जॉन रॅन्किन नावाचे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक केंटकीतून येथे आले. रॅन्किन यांचा जन्म १७९३ चा, टेनेसीतला. व्हर्जिनियातील आपल्या भावाने गुलाम विकत घेतल्याचे कळताच त्यांनी त्याला पत्रे लिहावयास घेतली. ती प्रथम गावच्या वृत्तपत्रातून व पुढे १८२६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३२ मध्ये आपल्या ‘लिबरेटर’ पत्रातून ती पुन्हा छापली आणि स्वतःस रॅन्किन यांचा शिष्य म्हणवून घेतले. भावाने गुलामांना मुक्त केले, ही गोष्टही येथे सांगितली पाहिजे. कारण उपदेशपर वाङ्मयाचा असा प्रत्यक्ष परिणाम फार क्वचित नोंदला जातो.

१८२० च्या दशकाच्या अखेरीस रॅन्किन कुटुंब गावामागील टेकडीवर राहावयास गेले. विटांचे ते घर केंटकीच्या काठावरून स्पष्ट दिसते. पळून आलेल्या गुलामांना तेथे आसरा मिळे आणि रात्रीतून पुढे उत्तरेकडे पाठविले जाई. १८४१ मध्ये त्या घरावर सशस्त्र हल्ला झाला व रॅन्किन यांच्या मुलांनी तो परतवून लावला. १८५० च्या कायद्यानंतर पळालेल्या गुलामास मदत करणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा होती. पकडलेल्या माणसास मालकाच्या स्वाधीन केल्यास न्यायाधिकाऱ्यास दहा डॉलर शुल्क मिळे आणि सोडून दिल्यास पाच, हा त्या कायद्यातील तपशील त्याच्या हेतूविषयी पुरेसे सांगून जातो.

हे घर १९३८ मध्ये ओहायो राज्याने विकत घेतले. नदीकडून वर चढणारी, ‘शंभर पायऱ्या’ म्हणून ओळखली जाणारी वाट पाहुणे आजही चढून जातात. घर जतन झाले याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. परंतु टीकाकाराने येथेच थोडे थांबावयास हवे. कोणत्या वास्तूला प्रथम जतन करावेसे वाटले, यावरून जतन करणाऱ्यांच्या मनातील इतिहासाचा आराखडा कळतो. टेकडीवरील घर हे उपकारकर्त्याचे घर आहे. खालून, अंधारातून, माणसे वर येतात आणि दार उघडते, अशी त्या इतिहासाची कथा होते. दार उघडणाऱ्याचे नाव आहे. दार ठोठावणाऱ्यांचे बहुधा नाही.

या कथेला जगभर प्रसिद्धी मिळाली ती हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) या कादंबरीमुळे. तिच्यातील एलायझा मूल कवटाळून तुटत्या बर्फावरून नदी ओलांडते. १८३८ च्या हिवाळ्यात एक स्त्री मुलासह अशीच रिप्लेच्या बाजूस आली व रॅन्किन यांच्या घरी पोहोचली, अशी गावाची परंपरा सांगते. कादंबरीवर खोटेपणाचा आरोप झाल्यावर स्टो यांनी १८५३ मध्ये आधारग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्या ओहायोतील एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचा हवाला देतात. या गृहस्थांनी ती हकीकत ऐकली होती ती त्या स्त्रीला काठावर हात देऊन वर घेणाऱ्या माणसाच्याच तोंडून. साधनांची ही साखळी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. स्त्री, तिला हात देणारा, त्याच्याकडून ऐकणारा धर्मोपदेशक, त्याच्याकडून ऐकणारी लेखिका, आणि मग लाखो वाचक. या साखळीत ज्या एका व्यक्तीचे शब्द आपल्यापर्यंत आलेले नाहीत ती म्हणजे बर्फावरून चालणारी स्त्री. एलायझा हे तिचे नाव नव्हे. ते कादंबरीकर्त्रीने दिलेले आहे.

यानंतर इतिहासकार आले. ओहायो राज्य विद्यापीठातील प्राध्यापक विल्बर सीबर्ट यांनी १८९० च्या दशकात वृद्ध झालेल्या दास्यविमोचनवाद्यांना पत्रे पाठवून, त्यांच्या भेटी घेऊन, आठवणींचा मोठा संग्रह केला. १८९८ मध्ये त्यांचा ‘भूमिगत लोहमार्गा’वरील ग्रंथ निघाला. (लोहमार्ग हे अर्थातच रूपक आहे, पळालेल्यांना पुढे नेणारी वाट म्हणजे लोहमार्ग, त्यांना नेणारा तो कंडक्टर, आसऱ्याचे घर ते स्थानक.) त्या ग्रंथात तीन हजारांहून अधिक कार्यकर्त्यांची नावे आहेत, आणि नकाशावर रेघारेघांनी वाटा दाखविल्या आहेत. सीबर्ट यांचे परिश्रम असामान्य होते. ते नसते तर आज आपल्याजवळ फार थोडे उरले असते. तथापि १९६१ मध्ये लॅरी गारा यांनी ‘लिबर्टी लाइन’ या ग्रंथात त्यांच्या पद्धतीवर मूलगामी आक्षेप घेतले. युद्ध जिंकल्यानंतर, गुलामगिरी नष्ट झाल्यानंतर, आपण तिच्या विरुद्ध होतो असे सांगणे सन्मानाचे झाले होते. अशा काळात चाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणी कितपत विश्वसनीय मानाव्या? शिवाय सांगणारे बहुतेक गोरे. त्यामुळे पळून येणारा गुलाम हा स्वतःच्या सुटकेचा कर्ता न राहता पार्सलासारखा एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा विषय बनला. गारा यांचे हे म्हणणे आजही टिकून आहे. जुन्या घरात तळघर दिसले की तेथे गुलाम लपत असत असे सांगणारे गाव ओहायोत शोधावे लागत नाही.

परंतु गारा यांच्या टीकेपुढे एक अडचण उभी राहते, आणि ती रिप्ले गावातच सापडते.

नदीकाठच्या फ्रंट स्ट्रीटवर जॉन पी. पार्कर यांचे घर व लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना होता. पार्कर यांचा जन्म १८२७ मध्ये व्हर्जिनियातील नॉरफोक येथे गुलामगिरीत झाला. आठव्या वर्षी त्यांची विक्री झाली आणि साखळीने बांधलेल्या तांड्याबरोबर त्यांना चालत नेण्यात आले. अखेरीस ते अलाबामातील मोबील शहरी एका डॉक्टरकडे गेले. डॉक्टरच्या मुलांकडून ते वाचावयास शिकले. भट्टीवरील काम शिकले. आणि एका विधवा बाईस आपल्याला विकत घेण्यास राजी करून, तिचे पैसे मजुरीतून फेडून, १८४५ मध्ये १८०० डॉलर देऊन स्वतःच स्वतःला विकत घेतले. स्वतःची किंमत स्वतः मोजणारा हा मनुष्य १८५० च्या सुमारास रिप्लेत येऊन राहिला. दिवसा तो कारखाना चालवी आणि रात्री होडी घेऊन केंटकीच्या काठावर जाई. रॅन्किन आणि पार्कर यांच्या कार्यातील फरक येथे स्पष्ट होतो. एकाच्या दारी माणसे येत. दुसरा माणसे आणावयास शत्रूच्या काठावर उतरे. आणि पकडला गेला असता तर रॅन्किन यांना दंड व कैद झाली असती. पार्कर पुन्हा विकले गेले असते किंवा मारले गेले असते.

आपण ज्यांना नदीपार आणले त्यांची नोंद पार्कर एका वहीत ठेवीत. १८५० चा कायदा झाल्यावर ती वही परक्या हाती पडेल या भीतीने त्यांनी ती आपल्याच भट्टीत टाकली. प्रस्तुत लेखकाच्या मते रिप्लेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे ही जळालेली वही होय. हे वाक्य चमत्कृतीसाठी लिहिलेले नाही. ज्या कार्यात कागद ठेवणे हाच गुन्ह्याचा पुरावा होता, त्या कार्याचे कागद मिळत नाहीत म्हणून ते कार्यच शंकास्पद ठरविणे हा न्याय नव्हे. उलट मालकांची कागदपत्रे विपुल आहेत. पळालेल्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणाऱ्या जाहिराती आहेत, मृत्युपत्रे आहेत, मालमत्तेच्या याद्या आहेत, खटले आहेत. ‘अस्सल कागद तेवढा खरा’ ही कसोटी वरून निःपक्षपाती दिसते. पण या बाबतीत ती ज्याला कागद उघडपणे ठेवता येत होता त्याच्या बाजूस झुकलेली आहे.

गंमत अशी की पार्कर यांच्या यंत्रांची नोंद मात्र पक्की आहे. तंबाखू दाबण्याच्या यंत्रांसंबंधी १८८४ व १८८५ मध्ये आणि मातीची ढेकळे फोडणाऱ्या यंत्रासाठी १८९० मध्ये त्यांना पेटंटे मिळाली. एकोणिसाव्या शतकात इतकी पेटंटे मिळविणारे कृष्णवर्णीय अमेरिकन विरळाच. यंत्रांना क्रमांक आहेत, आकृत्या आहेत, तारखा आहेत. माणसांची वही भट्टीत गेली.

पार्कर यांनी स्वतः लिहिलेले काही उरले नाही. परंतु १८८० च्या दशकात फ्रँक ग्रेग नावाच्या वृत्तपत्रकाराने त्यांची मुलाखत घेऊन त्यांची हकीकत प्रथमपुरुषी लिहून काढली. ते हस्तलिखित ड्यूक विद्यापीठाच्या संग्रहात राहिले आणि स्टुअर्ट सीली स्प्रेग यांच्या संपादनाखाली १९९६ मध्ये ‘हिज प्रॉमिस्ड लँड’ या नावाने प्रसिद्ध झाले. पार्कर १९०० मध्ये वारले. म्हणजे त्यांचा आवाज छापून येण्यास त्यांच्या मृत्यूनंतर शहाण्णव वर्षे लागली. टेकडीवरील घर सरकारी मालकीचे होऊन त्या वेळी अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

या ग्रंथाकडे कसे पाहावयाचे? मुखपृष्ठावर त्यास आत्मचरित्र म्हटले आहे, आणि नाव मात्र तृतीयपुरुषी आहे. ही विसंगती अनवधानाची असो वा नसो, ती ग्रंथाचे स्वरूप अचूक सांगते. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, संपादणारा तिसरा. आपल्या बखरींचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना ही अवस्था नवी नाही. प्रत्येक प्रसंगास शेवटी नाट्यमय वळण देण्याची हौस येथे दिसते; ती वृत्तपत्रकाराची असावी, असे वाटते. परंतु काही तपशील असे आहेत की ते शोभेसाठी कोणी रचणार नाही. उदाहरणार्थ, केंटकीतील एका मालकाने आपले गुलाम दांपत्य पळून जाऊ नये म्हणून त्यांचे तान्हे मूल दररात्री आपल्या पलंगाच्या पायथ्याशी निजविण्याचा प्रघात ठेवला होता. उशाजवळ खुर्चीवर जळती मेणबत्ती आणि पिस्तुले. पार्कर त्या खोलीत शिरतात, झोपलेल्या मालकाच्या पायाशी ओणवून मूल उचलतात आणि पळतात. येथे वीररस आहे खरा. पण वाचकाच्या मनात राहते ती व्यवस्था. बेड्या नाहीत, कुलूप नाही, फक्त एक मूल कोठे निजते एवढेच. गुलामगिरीचे यंत्र कसे चालत असे हे या एका पलंगावरून जितके कळते तितके कायद्याच्या कलमांवरून कळत नाही.

गावाच्या चित्रणाच्या बाबतीतही हे कथन गावाच्या अभिमानाला सोयीचे नाही. पार्कर यांच्या रिप्लेत गुलाम पकडणाऱ्या टोळ्या रात्री रस्त्यांवर फिरतात. पार्कर भिंतींच्या कडेने न चालता रस्त्याच्या मधोमध चालतात, आणि शस्त्रावाचून बाहेर पडत नाहीत. दास्यविमोचनवाद्यांचे गाव म्हणून पुढे जे मिरविले गेले ते त्या काळी रात्री दोन पक्षांत विभागलेले, शेजाऱ्याने शेजाऱ्याचा संशय घेणारे गाव होते. स्थानिक इतिहास जपणाऱ्यांनी हे पान पुसले नाही, उलट छापून आणले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. गावात स्थापन झालेल्या पार्कर स्मारक मंडळाने नदीकाठच्या त्या घराची डागडुजी करून तेथे संग्रहालय केले. १९९७ मध्ये रॅन्किन व पार्कर या दोघांचीही घरे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळे म्हणून जाहीर झाली. अ‍ॅन हेगडॉर्न यांच्या २००२ मधील ‘बियॉन्ड द रिव्हर’ या ग्रंथात टेकडी आणि काठ प्रथमच एका कथेत नांदताना दिसतात. मात्र तेथेही ग्रंथाचा तोल टेकडीकडेच राहिला आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

या दोन घरांच्या पलीकडे आणखी एक साक्ष आहे, आणि तिला घरच नाही. आर्नल्ड ग्रॅगस्टन हे केंटकीच्या मेसन परगण्यातील गुलाम. १९३० च्या दशकात सरकारी लेखकयोजनेतून माजी गुलामांच्या आठवणी लिहून घेण्यात आल्या, तेव्हा ते फ्लोरिडात होते आणि त्यांचे वय सत्त्याण्णव होते. १८५९ पासून चार वर्षे, स्वतः गुलाम असतानाच, त्यांनी रात्री होडीने माणसांना रिप्लेच्या काठी पोहोचविले आणि पहाटेपूर्वी मालकाच्या घरी परत आले. काम अमावास्येच्या आसपासच्या काळोखात चाले. त्यामुळे आपण ज्यांना नेले त्यांचे चेहरे आपल्याला कधी नीट दिसले नाहीत, असे ते सांगतात. १८६३ मध्ये अखेर ते स्वतः बायकोसह पार झाले. रॅन्किन यांच्या अंगणात तीस फूट उंच दीपस्तंभ होता व तो रात्रभर जळे, असे त्यांच्या आठवणीत आहे. गावातील परंपरा कधी खिडकीतील दिवा म्हणते, कधी खांबावरील कंदील. तीस फुटांचे माप घेऊन कोणी त्या अंगणात पाया शोधू लागला तर तो साधनाचा विपर्यास होईल. परंतु हे माप निरर्थकही नव्हे. काळोख्या रात्री, पाण्याच्या पातळीवरून, वल्हे मारणाऱ्याला टेकडीवरील दिवा किती उंच वाटत असे, याचे ते माप आहे. आणि ते अन्य कोणत्याही कागदातून मिळणार नाही.

ब्राउन परगण्यात गिस्ट वसाहती होत्या, त्यांचाही उल्लेख राहून जाऊ नये. व्हर्जिनियात जमिनी असलेल्या सॅम्युएल गिस्ट यांच्या मृत्युपत्रानुसार मुक्त झालेल्या लोकांना १८१९ च्या सुमारास तेथे निकृष्ट जमिनीवर आणून वसविण्यात आले. पळून आलेल्याने प्रथम आपल्यासारख्याच माणसांच्या झोपडीचा आसरा शोधला असेल हे उघड आहे. त्या झोपड्यांपैकी एकीलाही स्मारकाचे भाग्य लाभण्याइतक्या विटा नव्हत्या.

आपल्या विभागात स्थानिक इतिहासाचे वा मौखिक साधनांचे विषय घेऊन विद्यार्थी येतात तेव्हा ‘कागद आहे काय?’ हा प्रश्न त्यांना पहिल्याच भेटीत विचारला जातो. प्रस्तुत लेखकानेही तो अनेकदा विचारला आहे. प्रश्न चूक नाही. पण त्याच्या पाठोपाठ ‘नसल्यास का नाही?’ हा दुसरा प्रश्न विचारला जात नाही, आणि कित्येक चांगले विषय तेथेच संपतात. आठवणीची चिकित्सा करू नये असे येथे म्हणावयाचे नाही. सीबर्ट यांच्या भाबडेपणाकडे परत जाण्याचे कारण नाही. म्हणावयाचे ते इतकेच की आठवण ही कागदाची निकृष्ट प्रत नसून ती वेगळ्या जातीची संहिता आहे. कोणी, कोणास, कोणत्या वयात, कोणत्या काठावर उभे राहून सांगितली, हे ठरविल्यावाचून तिचा स्वीकारही करता येत नाही आणि तिला नाकारताही येत नाही.

पार्कर यांच्या कथनातील एक प्रसंग असा आहे की जो कोणत्याही कसोटीवर सिद्ध होण्यासारखा नाही. केंटकीच्या काठावर एका रात्री पार्कर यांच्याबरोबर माणसे जास्त आणि होडी लहान होती. पाठलाग करणारे जवळ आले होते. दोघांना मागे ठेवावे लागणार होते, आणि त्या दोघांपैकी एकाची बायको होडीत बसलेली होती. ती आकांत करू लागली. तेव्हा होडीत बसलेला एक पुरुष मुकाट्याने उठला, काठावर उतरला आणि त्याने आपली जागा तिच्या नवऱ्याला दिली. होडी पलीकडे पोहोचण्यापूर्वीच काठावर दिवे हलताना दिसले, आणि तो पकडला गेल्याचे पार्कर यांना उमगले. त्याचे नाव त्या कथनात कोठेही येत नाही.